कळतं आणि वळतं यांच्या मधोमध

माझ्या एका मित्राची आई गेली. बातमी कळली त्या रात्री मी फोन हातात घेतला, 'तुझ्या दुःखात सहभागी आहे' असं टाइप केलं आणि खोडलं. फारच छापील वाटलं. मग 'कसा आहेस?' असं लिहिलं, तेही खोडलं. आई गेलेल्या माणसाला कसा आहेस काय विचारायचं! उद्या निवांत बोलू असं ठरवून फोन उशाशी ठेवला. उद्याचा परवा झाला, परवाचा आठवडा. तीन आठवड्यांनंतर अशी गत झाली की आता फोन करायचा तर आधी 'इतके दिवस का नाही केलास' याचाच खुलासा द्यावा लागणार. आणि त्याच दिवसांत कोणी मला विचारलं असतं, तुझ्या आयुष्यात महत्त्वाचं काय आहे, तर पहिल्या तीनांत मी मैत्री लिहिली असती. अगदी मनापासून लिहिली असती.

'कळतं पण वळत नाही' असं आपण सहज म्हणतो आणि मोकळे होतो. खरं तर मोकळे होत नाही. कळणं आणि वळणं यांच्या मधल्या जागेत मन बराच काळ मुक्काम ठोकून असतं आणि तिथली हवा त्याला मानवत नाही. झोपताना तो विषय आठवतो, मित्राचं नाव दिसलं की नजर आपोआप दुसरीकडे जाते. मराठीत याला नेमका शब्द आहे: मन खातं. गेल्या साठ-सत्तर वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी या मन खाण्याचा, आणि ते कमी कसं करता येईल याचा, बराच अभ्यास केला आहे.

आपल्याला जे महत्त्वाचं वाटतं त्याला ते 'मूल्य' म्हणतात. आधी हा शब्द जरा जमिनीवर आणू. तो ऐकला की भाषणं आठवतात, भिंतीवर लिहिलेले सुविचार आठवतात. मानसशास्त्रात त्याचा अर्थ पुष्कळ साधा आहे: आपल्याला कशा प्रकारे जगायला, वागायला आवडेल, याचं आपणच दिलेलं उत्तर. मला तर ते समजून घ्यायला शाळेतलं व्याकरण उपयोगी पडलं. मूल्य हे क्रियाविशेषणासारखं असतं. 'शिकवणं' ही क्रिया. 'धीराने शिकवणं' यातलं 'धीराने' हे मूल्य. 'भांडणं' ही क्रिया, आणि 'प्रामाणिकपणे भांडणं' हेही शक्य आहे, निदान काही घरांत.

ध्येय मात्र नामासारखं असतं. पदवी, घर, बढती, दहा किलो कमी झालेलं वजन. त्यावर एक ना एक दिवस बरोबरची खूण करता येते. 'आता मी पुरेसा प्रेमळ झालो, हा विषय मिटला' असं मात्र कोणालाच म्हणता येत नाही. हा फरक नुसता शब्दांचा वाटेल, पण त्याचे परिणाम मोठे आहेत. ध्येय गाठलं की संपतं, आणि कित्येकांना त्यानंतर एक विचित्र रितेपण येतं. ध्येय हुकलं तर सगळंच गेल्यासारखं वाटतं. पण डॉक्टर होता आलं नाही म्हणून आजारी माणसाची आस्थेने काळजी घेण्याचा रस्ता कोणी बंद केलेला नसतो. तो आज दुपारीही उघडा असतो.

दोन गोष्टी मूल्यांत चुकून घुसतात, त्या बाहेर काढायला हव्यात. पहिली, भावना. 'आनंदी राहणं हे माझं मूल्य आहे' असं अनेक जण म्हणतात. आनंद येतो-जातो, तो ठरवून करता येत नाही. मूल्य म्हणजे जे हातापायांनी, तोंडाने करता येतं ते. दुसरी, इतरांकडून असलेली अपेक्षा. 'लोकांनी माझा मान ठेवावा' ही इच्छा रास्त आहे, पण तिची चावी लोकांच्या खिशात आहे. 'मी लोकांशी आदराने वागेन' याची आपल्या.

आता मन का खातं ते पाहू. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ मध्ये मांडलं की आपलं मानणं आणि वागणं एकमेकांशी जुळलं नाही की मनात एक ताण तयार होतो, आणि तो ताण कमी करण्यासाठी मन काहीतरी करतंच. काय करतं, हे त्यांनी आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी १९५९ मध्ये एका प्रयोगात दाखवलं. विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणं काम दिलं: अर्धा तास ट्रेमध्ये रिळं भरायची आणि काढायची, मग अर्धा तास फळीवरच्या ४८ खुंट्या एकेक करून पाव फेरा फिरवायच्या, पुन्हा पहिलीपासून. नंतर त्यांना सांगितलं, बाहेर थांबलेल्या पुढच्या माणसाला जाऊन 'काम फार मजेचं होतं' असं सांग. या खोट्यासाठी काहींना १ डॉलर दिला, काहींना २०. शेवटी सगळ्यांना विचारलं, खरं सांगा, काम कसं वाटलं? ज्यांना १ डॉलर मिळाला होता, तेच म्हणाले, तसं बरं होतं. २० डॉलरवाल्यांकडे खोटं बोलण्याचं कारण होतं. १ डॉलरवाल्यांकडे नव्हतं, म्हणून त्यांच्या मनाने आठवणीलाच मुरड घातली.

मला हा प्रयोग थोडा भीतीदायक वाटतो. कारण वागणं बदलण्यापेक्षा मानणं बदलणं स्वस्त पडतं, आणि मन स्वस्तात मिळेल ते घेतं. तिसऱ्या आठवड्यात माझ्याही डोक्यात वाक्यं तयार होऊ लागली होती: 'त्याला आत्ता एकांत हवा असेल', 'खऱ्या मैत्रीत असल्या औपचारिकता कशाला'. ऐकायला शहाणपणाची. पण मित्राचा कल काय आहे हे मी त्याला विचारलंच नव्हतं.

कधी मात्र वागणं आपल्या हातातच नसतं. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवली. रुग्णासाठी योग्य काय ते परिचारिकेला ठाऊक आहे, पण संस्थेचे नियम, वरच्यांचे हुकूम, अपुरी माणसं यांमुळे ते तिला करता येत नाही. यातून होणाऱ्या त्रासाला त्यांनी 'मॉरल डिस्ट्रेस' म्हटलं, म्हणजे नैतिक घुसमट. आज हा शब्द डॉक्टर, शिक्षक, समाजसेवक अशा अनेकांसाठी वापरला जातो. अशा घुसमटीवर 'तुझी मूल्यं नीट ओळख' हा सल्ला म्हणजे जखमेवर मीठ. त्या परिचारिकेला तिची मूल्यं पाठ आहेत. तिथे बदलायची गोष्ट व्यवस्थेत असते.

एक प्रश्न इथे विचारायलाच हवा: ज्याला आपण आपलं मूल्य म्हणतो ते खरंच आपलं आहे का? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोघांनी १९७०-८०च्या दशकांपासून माणसाच्या प्रेरणेवर काम केलं. त्यांच्या मांडणीत एक सुरेख भेद आहे. काही गोष्टी आपण मनाला पटल्या म्हणून करतो. काही गोष्टी बाहेरून कोणी सांगत नसलं तरी करतो, कारण न केल्या तर आतून कोणीतरी रागावतं. दुसऱ्या प्रकारात बाहेरचा आवाज आपण न चावता गिळलेला असतो. तो पोटात बसलेला असतो, पण पचलेला नसतो. वरून दोन्ही वागणी सारखीच दिसतात. दोन माणसं रोज उशिरापर्यंत काम करतात. एकाला ते काम नीट व्हावं असं वाटतं. दुसरा लवकर निघाला की त्याला स्वतःची लाज वाटते. पहिला थकतो. दुसरा थकतो आणि झिजतोही.

ओळखायचं कसं? 'मला हवं' आणि 'मी करायलाच पाहिजे' यांतली क्रियापदं ऐकावीत, हा एक उपाय. त्याहून बरा उपाय म्हणजे कल्पना करणं, की हे मी केलं हे कोणालाही, कधीही कळणार नाही. फोटो नाही, कौतुक नाही, 'लोक काय म्हणतील' यातले लोकच नाहीत. तरी करावंसं वाटतंय का? ज्या गोष्टीचं उत्तर 'हो' येतं ती बहुधा आपली. या चाळणीतून माझ्या यादीतल्या दोन-तीन भारदस्त गोष्टी सरळ खाली पडल्या. कोणत्या ते इथे सांगत नाही. टिम कॅसर आणि रायन यांना १९९३च्या अभ्यासात आढळलं होतं की इतर आकांक्षांच्या मानाने आर्थिक यशाला फार वरचं स्थान देणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सरासरीने कमी होतं. म्हणून पैसा वाईट ठरत नाही. माणसाने सगळं वजन कशावर टाकलंय, एवढाच तो प्रश्न होता.

समजा मूल्यं आपलीच आहेत, पटलेली आहेत. तरी वळत नाही. का? इथे लोक लगेच स्वभावावर घसरतात: मी आळशी आहे, मी स्वार्थी आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा १९७३ मधला प्रयोग त्यावर चांगला उतारा आहे. प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांना त्यांनी एक छोटं भाषण देण्यासाठी शेजारच्या इमारतीत जायला सांगितलं. काहींच्या भाषणाचा विषय होता बायबलमधली भल्या शोमरोनी माणसाची गोष्ट, म्हणजे रस्त्यात जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या वाटसरूची. वाटेत एका दारापाशी एक माणूस वाकून बसला होता, खोकत होता, कण्हत होता. तो अर्थातच प्रयोगातलाच होता. निघताना काही विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, 'तुम्हाला उशीर झालाय, ते वाट पाहतायत'. काहींना 'वेळेत आहात', आणि काहींना 'अजून थोडा वेळ आहे, तरी निघा'.

ज्यांना सवड होती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. वेळेत असलेल्यांतले ४५ टक्के. घाईतले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय काय होता याने लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. मदतीच्या गोष्टीवर बोलायला निघालेले काही जण घाईत त्या कण्हणाऱ्या माणसाला ओलांडून गेले. ही मुलं दुष्ट नव्हती. आयुष्य सेवेला द्यायचं म्हणूनच तर ती तिथे शिकत होती. पण मूल्य डोक्यात होतं आणि पाय घाईच्या ताब्यात होते. म्हणून मला वाटतं, मूल्यांप्रमाणे जगायचं तर पहिला उपाय कितीही साधा वाटला तरी तो वेळापत्रकात दडलेला आहे. दोन कामांच्या मध्ये दहा मिनिटं रिकामी ठेवणाऱ्या माणसाच्या हातून भलेपणा होण्याची शक्यता वाढते.

मला मात्र घाई नव्हती. तीन आठवडे माझ्याकडे वेळ होता. माझी अडचण वेगळी होती, आणि तिच्यावर सर्वांत जास्त काम केलं ते 'ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी' या उपचारपद्धतीने. तिला थोडक्यात 'ॲक्ट' म्हणतात. स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८०च्या दशकापासून घडवली. तिचं म्हणणं असं: नको असलेल्या भावनांपासून पळण्याची धडपडच आपलं आयुष्य आक्रसून टाकते. आणि गोम अशी की जे आपल्याला महत्त्वाचं असतं, तिथेच त्या भावना दबा धरून बसलेल्या असतात. मैत्रीची किंमत वाटते म्हणूनच चुकीचं बोलण्याची भीती वाटते. ज्याला कामाची फिकीर नाही त्याला सादरीकरणाआधी पोटात गोळा येत नाही. म्हणजे भीती टाळायची तर ती गोष्टही टाळावी लागते, कारण दोन्ही एकाच नाण्यावर छापलेल्या आहेत. 'मूल्य' या शब्दाचा आपल्याकडे 'किंमत' असाही अर्थ होतो, तो इथे चपखल बसतो. ती मोजावी लागते, आणि बहुतेक वेळा अस्वस्थतेच्या रूपात.

त्यामुळे या पद्धतीत 'आधी भीती जाऊ दे, मग फोन कर' असं सांगत नाहीत. भीतीसकट फोन कर, असं सांगतात. मी शेवटी केला. आवाज कापत होता. "उशीर झाला रे, काय बोलावं तेच कळत नव्हतं," असं म्हणालो. तो म्हणाला, "मलाही कळत नाही." मग बराच वेळ दोघंही गप्प. नऊ मिनिटांचा फोन. ठेवल्यावर मला हलकं वगैरे वाटलं नाही, उलट त्या दिवशी जास्तच रडू आलं. पण त्याचं नाव दिसलं की नजर चोरण्याचं बंद झालं. मूल्यांप्रमाणे वागल्याचा फायदा बहुधा असाच पोचतो: छान वाटण्याच्या रूपाने क्वचित, आणि आत चाललेली एक लढाई थांबण्याच्या रूपाने जास्त वेळा.

ही नुसती वैयक्तिक भावना नाही, असं म्हणायला आधार आहे. दीर्घकाळ दुखणं सोसणाऱ्यांसाठी ही पद्धत विचारात घ्यावी, असं इंग्लंडच्या 'नाइस' या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०२१ मध्ये म्हटलं. दुखणं तिथेच असतं, पण त्याच्यासकट काय करता येईल याचा परीघ वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने याच विचारावर 'सेल्फ-हेल्प प्लस' नावाचा पाच सत्रांचा कार्यक्रम तयार केला. त्यात ध्वनिमुद्रित सूचना आणि चित्रांचं पुस्तक असतं, आणि थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं तो चालवतात. दक्षिण सुदानमधून युगांडात आश्रयाला आलेल्या जवळपास ७०० स्त्रियांवर तो वापरून पाहिला गेला. २०२० मध्ये निष्कर्ष आले: तीन महिन्यांनंतर या कार्यक्रमातल्या स्त्रियांचा मानसिक त्रास तुलनेच्या गटापेक्षा कमी होता. ज्यांचं घरदार गेलं त्यांनाही 'आज मला कसं वागायचंय' या प्रश्नाचा आधार मिळू शकतो, याचं मला अजून नवल वाटतं.

मूल्यं एकमेकांशीही भांडतात, हे कोणी फारसं सांगत नाही. शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये अनेक देशांतल्या माहितीवरून दहा मूलभूत मूल्यांची मांडणी केली आणि ती वर्तुळात बसवली. शेजारशेजारची मूल्यं एकमेकांना पूरक, समोरासमोरची एकमेकांना ओढणारी. सुरक्षितता एकीकडे, तर नवं काही करून पाहण्याची हौस तिच्या समोरच्या बाजूला. स्वतःचं यश आणि इतरांचं भलं हेही असेच समोरासमोर. म्हणजे आजारी वडिलांपाशी बसायचं की महत्त्वाच्या बैठकीला जायचं, या प्रश्नावर जीव टांगणीला लागतो तेव्हा तुमच्यात काही बिघडलेलं नसतं. वर्तुळाची रचनाच तशी आहे. अशा वेळी समतोल शोधत बसण्यापेक्षा, या आठवड्यात कोणाची पाळी आहे ते ठरवणं मला जास्त व्यवहार्य वाटतं. राहिलेल्या बाजूचं वाईट वाटेल. वाटू द्यावं.

करून पाहायचं असेल तर कागद-पेन पुरेल. केली विल्सन आणि सहकाऱ्यांच्या एका प्रश्नावलीत आयुष्याचे दहा भाग केले आहेत: घरची माणसं, जोडीदार, पालकत्व, मित्र, काम, शिक्षण, विरंगुळा, अध्यात्म, समाज आणि शरीराची काळजी. प्रत्येकापुढे दोन आकडे लिहायचे. हे मला किती महत्त्वाचं, १ ते १०. आणि गेल्या आठवड्यात मी त्याला धरून किती वागलो, तेही १ ते १०. गंमत दुसऱ्या आकड्यात आहे, कारण तिथे 'तसा मी फार मनमिळाऊ आहे' चालत नाही, गेला आठवडा दाखवावा लागतो. मी मित्रांपुढे ९ आणि २ लिहिले होते.

जिथे दोन आकड्यांत सर्वांत मोठी दरी, तिथे एकच काम निवडायचं, आणि ते हास्यास्पद वाटावं इतकं लहान. पीटर गोलवित्झर या संशोधकाने दाखवलं की 'मी अमुक करेन' या निश्चयापेक्षा 'अमुक घडलं की मी तमुक करेन' अशी वेळ-जागा बांधलेली योजना जास्त वेळा पार पडते. 'मित्रांच्या संपर्कात राहीन' हा संकल्प हवेत राहतो. 'रविवारी सकाळचा चहा संपला की कप धुण्याआधी फोन लावीन' याला खुंटी आहे.

लिहिण्याचाही उपयोग होतो. २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या एका प्रयोगात काही जणांना आपल्या सर्वांत महत्त्वाच्या मूल्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला लावली, इतरांना कमी महत्त्वाच्या मूल्याबद्दल. मग सगळ्यांकडून परीक्षकांपुढे भाषण आणि गणितं अशी तणावाची कामं करून घेतली. पहिल्या गटात कॉर्टिसॉल या तणावाशी जोडलेल्या संप्रेरकाची उसळी कमी होती. मात्र शाळा-कॉलेजांत अशाच लेखनाचे जे प्रयोग झाले, त्यांचे निकाल सगळीकडे सारखे आलेले नाहीत. तेव्हा याला रामबाण समजू नये.

आणि एक सावधगिरी. ही सगळी मांडणी स्वतःला झोडपायची छडी म्हणून वापरता येते, आणि कर्तव्यदक्ष माणसं ती हटकून वापरतात. दुसरा आकडा २ आला, हा दिशा कुठे आहे ते सांगणारा आकडा आहे, निकालपत्रावरचा गुण नव्हे. नैराश्यात तर 'मला काहीच महत्त्वाचं वाटत नाही' असं उत्तर येऊ शकतं. ते उत्तर आजाराचं असतं, आणि तेव्हा यादी करत बसण्यापेक्षा डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठणं आधी. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. उपचारांतही पुढे कधीतरी हीच वाट येते: मन लागत नसताना, एकेकाळी महत्त्वाची असलेली एखादी छोटी गोष्ट करून पाहायची, आणि मन मागून येण्याची वाट पाहायची.

मी आता रविवारी फोन लावतो. दर रविवारी जमत नाही, कप आधी धुतला गेला की विसरतो. पहिल्या फोनमध्ये गप्प राहून झाल्यावर मित्र म्हणाला होता, "आईने नवा चष्मा टाकला होता करायला. ती गेल्यावर चार दिवसांनी दुकानातून फोन आला, तयार आहे म्हणून. जाऊन घेऊन आलो. आता कुठे ठेवायचा कळत नाही." गेल्या रविवारी मी विचारलं. अजून टेबलावरच आहे म्हणाला, त्याच डबीत.